मामांचा अबोला

बेबीला लोकांच्या अडाणीपणाचा राग येत नसे. राग यायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते. तिला नुसता कंटाळा यायचा, आणि तो ती नाकाच्या शेंड्यावर घेऊन हिंडायची. चाळिशी उलटून गेली तरी घरात तिला बेबीच म्हणत. ऑफिसात तिच्या माघारी काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. एका विमा कंपनीत ती कामाला होती. लोक फोनवरून ज्या तक्रारी करतात त्यांची जाडजूड रेकॉर्डिंगं हलकी करून साठवून ठेवायची, हे तिचं काम. म्हणजे ते काम ती स्वतः करत नसे. तिने पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती, ती करायची. स्क्रिप्ट एकेक फाइल उचलायची, तिच्यातला डावा आणि उजवा भाग एकत्र करून एकच भाग बनवायची, तो दाबून त्याची एमपीथ्री करायची आणि पडद्यावर 'झालं' असं लिहायची. त्या तक्रारी पुढे कुणीही ऐकत नसे. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये काही चूक आहे असं आजवर कुणाच्या कानावर आलं नव्हतं, आणि याचा अर्थ चूक नाहीच असा बेबीने लावून टाकला होता.

अशा बाईकडे तिच्या आईने अंथरुणावरून एक साधी मागणी केली.

"मला तुझ्या मामाचं प्रवचन ऐकायचंय."

मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. पोटासाठी घड्याळं दुरुस्त करायचे, पण लोक त्यांना ओळखत ते प्रवचनासाठी. उभ्याने प्रवचन सांगायचे आणि सांगता सांगता गायचे. गोष्ट ऐन अडचणीच्या जागी आणून सोडायचे, पेटीवाल्याकडे एकदा बघायचे आणि पद उचलायचे. मग सभागृहभर टाळ्यांचा ठेका, आणि मागून सगळ्यांच्या तोंडी तीच ओळ. ज्याने हे अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. गोष्टीतल्या माणसाचं दुःख त्या ओळीवर बसून थेट आपल्या उंबऱ्यात उतरतं, आणि घरी जाताना सकाळी ज्याला टाकून बोललो त्याचं तोंड आठवायला लागतं. देवाने काही माणसांच्या गळ्यात ही सोय करून ठेवलेली असते.

रागाला घरात पाट मांडू नका, असं लोकांना गाऊन सांगणारा हा माणूस स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी मात्र अखेरची काही वर्षं एक शब्द बोलला नव्हता. कारण एवढंच, की भर प्रवचनात, त्यांच्या सगळ्यात लाडक्या पदाच्या वरच्या ओळीवर त्यांचा सूर खाली आला, आणि पहिल्या रांगेत बसलेली आई म्हणाली, "उतरलास." कुजबुजली असती तर भागलं असतं, पण आईला कुजबुजता येत नाही. पेटीवाला हसला. पेटीवाला हसला म्हणून सभागृह हसलं. मामांनी ते पद पुरं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून अबोला धरला. आईनेही प्रवचनाला जाणं सोडलं. ती तरी काय कमी होती.

मग मामा गेले. त्यानंतर आईच्या अंगाची एक बाजू गेली आणि त्या बाजूचा कानही गेला. उरलेल्या कानात ऐकण्याचं यंत्र, त्यामुळे वरून इयरफोन लावला की ते शिट्टी मारायचं. म्हणून बेबीने तिच्यासाठी एकाच स्पीकरचा, साबणाच्या डबीएवढा प्लेअर आणला होता. त्यात कार्ड घालायचं, उशीपाशी ठेवायचा, आणि चांगल्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा. त्याला फक्त एमपीथ्री चालत.

मामांची रेकॉर्डिंगं होती जावईबुवांकडे, म्हणजे मामांच्या जावयाकडे. मामांच्या हयातीत हे गृहस्थ माइक लावायचे. मामा गेले आणि माइक लावणारा रातोरात वारसदार झाला. त्यांच्या पुढच्या खोलीत मखमली कापडाखाली रेकॉर्डर, दोन बाजूंना छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर आणि मधल्या सतरंजीवर डोळे मिटून बसलेली मंडळी. बेबी गेली तेव्हा तिलाही बसवण्यात आलं.

"डोळे मिटा, बेबीताई," जावईबुवा म्हणाले. "आता सांगा, आवाज कुठून येतोय?"

"पेटी समोरून येतेय."

"पेटीचं सोडा हो. मामांचा?"

बेबीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. खरं सांगायचं तर तिला सांगता येईना. आवाज समोरून नव्हता, बाजूने नव्हता, आणि कपाळात उगाच जड वाटत होतं.

"चहूकडून," जावईबुवा स्वतःच म्हणाले. "देह गेल्यावर आवाज एका जागी राहील कशाला? आम्ही रोज अनुभव घेतो."

सतरंजीवरच्या एका बाईंनी डोळे न उघडता हात जोडले. बेबीने खोलीच्या रिकाम्या भिंतींकडे आणि घुमणाऱ्या छताकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात या सगळ्यांना एका पोत्यात घालून पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"माइक एकच होता का, भावजी?"

"तोंडापाशी एक. पेटी आणि लोक यांच्यासाठी वर टांगलेला दुसरा, तो दुकानातूनच दोन्हीकडे जोडून आलेला. रेकॉर्डरला भोकं दोन; मग तोंडाच्या माइकची वायर मी दुभागून दोन्हीकडे पोचवली. स्वतः जोडलीय, या हातांनी."

"कुठे शिकलात?"

"शिकायचंय काय त्यात. दोन तर वायरी." मग पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवताना त्यांनी तो थोडा वेळ सोडलाच नाही. "हे अखेरचं. यात ते पद आहे. फक्त डबी बदलायची बरं का. आतल्या मालाला धक्का लावायचा नाही."

बेबीने घरी येऊन ऑफिसातलीच स्क्रिप्ट चालवली. 'झालं' असं आलं. फाइलची लांबी मूळ फाइलएवढीच, आकार हवा तेवढा. ऐकून बघायची तिला पद्धतच माहीत नव्हती. ऐकून खात्री करणारी माणसं तिच्या मते हाताने बेरीज करणाऱ्यांपैकी. तिने कार्ड प्लेअरमध्ये घातलं आणि आईच्या उशीपाशी ठेवलं.

आईने अंगठा दाबला. पेटी वाजली. टाळ्यांचा ठेका आला. कुणीतरी खोकलं, मूल रडलं, त्याला बाहेर नेलं.

"मामा कुठाय?" आई म्हणाली.

"येतील. सुरुवात आहे."

पेटीने सूर दिला. ओळ गायली कुणीच नाही, पण सगळ्यांनी ती मागून म्हटली. मग बराच वेळ एखाद्या रिकाम्या खोलीत लोक शहाण्यासारखे गप्प बसावेत तशी शांतता, मग एक 'वाहवा', पुन्हा शांतता. कुणीतरी बोलत होतं हे ऐकणाऱ्यांच्या श्वासावरून कळत होतं, पण बोलणाराच नव्हता. पुढे पेटीने एक चाल धरली, आणि आईचा चांगला हात चादरीवर थांबला. तेच पद होतं. पेटी वरच्या ओळीपाशी आली, थांबली. आणि सभागृह हसलं. थोडंथोडकं नाही, पोट धरून हसलं.

आईने प्लेअर बंद केला.

"काय म्हणाला तो?"

"फाइल खराब आली असेल, आई. मी बघते."

"बाकी सगळं बरं आलंय." आईने तोंड भिंतीकडे केलं. "माझ्यावर हसलेत ते. आणि हा, गेला तरी माझ्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी मामी भेटायला आल्या. मामींचा स्वभाव असा, की जखमेवर फुंकर घालायला म्हणून जवळ यायच्या आणि तिथेच शिंकायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला. "काय करणार, ताई. एकदा नाही म्हणाले की नाही. शब्दाचे पक्के होते हो."

आता बेबी खरोखर कामाला लागली. यंत्राने दगा दिला तर ते एक वेळ ठीक, पण मामींना पुरावा मिळावा हे तिला सहन होणारं नव्हतं. तिने मूळ फाइल हेडफोनवर लावली: मामा हजर, तेच चहूकडून. स्वतःची एमपीथ्री लावली: मामा गायब. म्हणजे चोरी वाटेत झाली होती. तिने आधी जावईबुवांच्या रेकॉर्डरला शिव्या घातल्या आणि त्याच्या फाइलचं स्वरूप तपासलं. ते धड होतं. दाबण्याचं प्रमाण कमी केलं. मामा नाहीत. रूपांतर करणारा प्रोग्राम काढून नवा घातला. मामा नाहीत, पेटी मात्र आणखी खणखणीत. शेवटी नाइलाजाने तिने इंटरनेटवर, जिथे असली माणसं एकमेकांना मदत करतात म्हणे, तिथे प्रश्न टाकला. एकाने लिहिलं, अपडेट करून बघा. दुसऱ्याने विचारलं, मुळात हे करायचंच कशाला? तिसऱ्याने कळवलं की त्याच्याकडे सगळं नीट चालतं, आणि या आनंदाच्या बातमीखाली कितीतरी जणांनी अंगठे वर केले होते. बेबीने खिडकी बंद केली. जगात मूर्खांची वाटणी फार समान झाली आहे, एवढं तिला कळलं.

मग तिने स्क्रिप्टमधली डावं-उजवं एकत्र करणारी ओळच काढून टाकली. फाइल बनवली, हेडफोन लावले, आणि मामा आले. खुर्चीतच तिने पाय ताणले. कार्ड घेऊन ती आईच्या खोलीत अशी गेली, की दाराला वाटावं आपणच बाजूला व्हावं.

आईने अंगठा दाबला. पेटी. टाळ्या. खोकला. मूल.

मामा नाहीत.

बेबीने प्लेअर हिसकून घेतला, कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, हेडफोन चढवले. तीच फाइल. मामा बोलत होते.

आई तिच्याकडे बघत होती. "तुला ऐकू येतोय?"

बेबीच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

"तुझ्या कानात बोलतो," आई म्हणाली. "माझ्याशी नाही." आणि तिने तो साबणाच्या डबीएवढा प्लेअर चांगल्या हाताने उशीपासून लांब सरकवला, जसं जेवण झाल्यावर ताट सरकवतात.

बेबीने जावईबुवांना फोन केला. त्यांना मनापासून आनंद झाला.

"सांगत नव्हतो? चहूकडचा आवाज तुम्ही डबीत कोंबायला निघालात. मामांची इच्छा नाही."

"भावजी, इच्छेला फाइलचं स्वरूप कळत नाही."

"तुम्हाला कळतं ना? मग आणा की मामांना."

फोन तिने ठेवला, त्यांनी नव्हे, एवढंच समाधान.

रविवारी दुपारी आईचा डोळा लागल्यावर बेबी बाहेरच्या खोलीत कोचावर आडवी झाली. हेडफोन डोक्यावर होतेच. आता तिला ते प्रवचन पेटीच्या प्रत्येक श्वासासकट पाठ झालं होतं, फक्त हसण्याच्या जागेपाशी ती दर वेळी थांबवायची. काय ऐकायला मिळेल याची तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे स्वतःला सांगायची सवय नव्हती. ती कुशीवर वळली तसा उशीने एका कानावरचा हेडफोन सरकला.

आणि मामा एकदम शेजारी येऊन उभे राहिले.

चहूकडून नाही. इथे, कानाशी. सर्दी झालेला, जरा घोगरा, घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा साधा आवाज. बेबी दुसऱ्या कुशीवर वळली, पहिल्या कानावर हेडफोन बसवला, दुसऱ्यावरचा सरकवला. तिथेही मामा, तसेच शेजारी. दोन्ही कानांवर हेडफोन बसवले: पुन्हा चहूकडून, पुन्हा कपाळ जड.

ती उठून बसली. डाव्यात मामा आहेत. उजव्यात मामा आहेत. मग दोघांना एकत्र केलं की जातात कुठे?

तिने दोन्ही भागांची चित्रं पडद्यावर एकाखाली एक काढली. आवाजाचं चित्र म्हणजे चढउतारांची रेघ. वरच्या रेघेत जिथे टेकडी होती तिथे खालच्या रेघेत नेमका तेवढाच खड्डा. वर खड्डा तिथे खाली टेकडी. एकात एक मिसळा, सगळं सपाट. पेटी आणि लोकांच्या रेघा मात्र दोन्हीकडे सारख्या, म्हणून ते दुप्पट होऊन बाहेर येत होते. आईच्या प्लेअरला तोंडच एक. त्याला दोन भाग दिले तरी तो ते पोटात मिसळूनच बाहेर काढणार.

'दोन तर वायरी.' जावईबुवांनी तोंडाच्या माइकच्या त्या वायरी एका बाजूला उलट्या जोडल्या होत्या. देहातीत आवाज, रोजचा अनुभव, सतरंजीवरचे जोडलेले हात, सगळं त्या उलट्या जोडाच्या जिवावर चाललं होतं.

बेबी एकटीच हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. मग तिला आपल्या स्क्रिप्टमधली ती एकत्र करणारी ओळ दिसली. ती किती वर्षं तिथे होती; आणि विमा कंपनीच्या कपाटात किती तक्रारी नुसत्या पंख्याचा आवाज होऊन पडल्या असतील, ते तिला त्या वेळी मोजावंसं वाटलं नाही.

हुशारी लगेच संपत नाही. तिने उजवा भाग उलटा करून डाव्यात मिसळला. आता मामा दणदणीत आले, पण पेटी गेली, माणसं गेली. भर सभागृहातला माणूस भिंतीशी बोलत असल्यासारखा. हसण्याची जागा तर मुळात उरलीच नसती. तेव्हा कुठे तिला सुचलं, की उजवा भाग टाकून द्यावा आणि डावा तेवढा ठेवावा. एवढंच. तिच्या आयुष्यातली सगळ्यात बावळट ओळ, आणि तीच चालली.

आई जागी झाली होती.

"आलाय, आई. एकाच स्पीकरवर लावून बघितलं."

"तू ऐकलंस सगळं?"

"सुरुवातीचं. आवाज आहे एवढं पाहिलं."

"पुढचं ऐकू नकोस. तुला झाकपाक करायची सवय आहे. काही वाईट असलं तर कापून टाकशील."

त्या हसण्याच्या जागेपाशी बेबीने कर्सर खरंच नेऊन ठेवला होता. तो तिने तिथून काढला, कार्ड बाहेर घेतलं.

तेवढ्यात बेल वाजली. मामी आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे जावईबुवा, यंत्राचा पराभव डोळ्यांनी बघायला. दोघांना खुर्च्या दिल्या. आईने प्लेअर पुन्हा उशीपाशी ओढला आणि अंगठा दाबला.

पेटी. टाळ्या. आणि मामा म्हणाले, "बसा, बसा. दारातल्यांनी आत या, वारा अडतोय."

मामींनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरल्या.

जावईबुवा थोडा वेळ ऐकत राहिले, मग अस्वस्थ झाले. "हा तो आवाज नाही. हा एका जागेवरून येतोय."

"माणूस एका जागेवरच उभा होता, भावजी," बेबी म्हणाली. "तुम्ही एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्यात. तुमचं चहूकडून म्हणजे तेवढंच."

जावईबुवांनी विचार केला. "पण उलट्या जोडायची बुद्धी मला दिली कुणी?"

"गप्प बसा हो जरा," आई म्हणाली. "तो बोलतोय."

मामा गोष्ट सांगत होते. गोष्ट अडचणीच्या जागी आली, पेटीने चाल धरली, तेच पद सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ. आईचा हात चादरीवर ठेका धरता धरता थांबला. पेटी वरच्या ओळीपाशी आली आणि थांबली. बेबीने खिडकीबाहेर पाहिलं; तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"ही वरची ओळ," मामा म्हणाले, "मला येत नाही. दर वेळी खाली येतो. तुम्ही माना डोलावता, कारण तुम्हाला काडीचं कळत नाही. कळणारी एकच होती, माझी ताई, आणि ती रुसून घरी बसलीय. तेव्हा भ्यायचं कारण नाही. घेतो गाऊन."

सभागृह पोट धरून हसलं. इतका अपमान करून घेऊन इतकं खूश होणारे लोक बेबीने ऑफिसातसुद्धा पाहिले नव्हते.

मामांनी ओळ उचलली. गेली, चढली, शेवटच्या वळणापाशी पोचली, आणि तिथून हलकेच घसरली. खुर्चीत जावईबुवांची मान डोलत होती.

"उतरला," आई म्हणाली.

प्लेअर पुढे चालू राहिला. आईचं अर्धं तोंड हलत नाही. उरलेल्या अर्ध्यावर जे काही होतं ते बेबीने याआधी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. आईने अंगठ्याने प्लेअर थांबवला.

"तेवढंच परत लाव गं. कुठे उतरतो ते नीट सांगते त्याला."